व्हेर्दीच्या ऑपेरांवरच्या वात्रटिका : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिन्यातून एका रविवारी आमच्या घरी दहा-बारा माणसं जमतात आणि व्हेर्दी या इटालियन संगीतकाराच्या एखाद्या ऑपेराचा एक अंक ऐकतात. ऐकण्याआधी मी त्या ऑपेरावर लिहिलेल्या दोन-तीन वात्रटिका वाचून दाखवते. चहाच्या वेळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. काहींना दोन ओळी पुरल्या, काहींना पानभर लागलं.

वात्रटिका आणि ऑपेरा यांचा मेळ कसा बसतो?

फार छान बसतो. ऑपेरातलं कथानक ऐकताना अतर्क्य वाटतं आणि गाताना पूर्ण खरं वाटतं. मरायला टेकलेली बाई दहा मिनिटं गाते, मारेकरी ठरलेलं काम सोडून भलत्याच माणसाला मारतो, भाऊ भावाला ओळखत नाही. हे कागदावर चार ओळींत मांडलं की हसू येतं. मग तबकडी लावायची. तीच गोष्ट सुरांतून येते आणि हसणारी माणसं गप्प होतात. माझ्या वात्रटिकांचं काम तेवढंच. माणसाला हसवत दारापर्यंत आणायचं, आत व्हेर्दी आहेच.

म्हणून माझा एकच नियम आहे: कथानकाला हसायचं, सुरांना नाही.

व्हेर्दीच का? रोस्सिनी जास्त विनोदी नाही का?

रोस्सिनीचा विनोद त्याच्या संगीतातच आहे. त्याच्यावर विनोदी कविता लिहिणं म्हणजे पुरणपोळीवर साखर. व्हेर्दी गंभीर आहे, त्याची पात्रं जीव तोडून गातात, आणि गोष्टी अशा की आजीने ऐकल्या असत्या तर कपाळाला हात लावला असता. विनोदी कवितेला जागा मिळते ती या दोहोंच्या मधल्या अंतरात. पुच्चीनीवरही मी लिहून पाहिलं आहे, पण त्याच्या नायिका इतक्या साध्या, घरगुती आहेत की हात आखडतो.

व्हेर्दीचा थोडक्यात परिचय द्याल?

ज्युसेप्पे व्हेर्दी. जन्म १८१३, उत्तर इटलीत बुसेतो गावाजवळच्या रोंकोले या खेड्यात. वडिलांची खाणावळ होती. तो भाग तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात होता, त्यामुळे जन्माच्या दाखल्यावर त्याचं नाव फ्रेंचमध्ये आहे. बुसेतोच्या बारेत्सी नावाच्या व्यापाऱ्याने त्याला आधार दिला. पुढे त्यांच्याच मुलीशी, मार्गेरीताशी, त्याचं लग्न झालं. १८३९ साली मिलानच्या ला स्काला थिएटरात पहिला ऑपेरा झाला, १८९३ साली तिथेच शेवटचा. मधल्या चोपन्न वर्षांत पंचवीसहून जास्त ऑपेरे. १९०१ च्या जानेवारीत मिलानमध्ये एका हॉटेलात तो गेला. तो आजारी होता तेव्हा बाहेरच्या रस्त्यावर पेंढा पसरला होता, घोडागाड्यांचा आवाज त्याच्यापर्यंत जाऊ नये म्हणून.

'व्हेर्दी' या इटालियन शब्दाचा अर्थ 'हिरवे', तोही अनेकवचनी. हे आडनाव आपल्याकडे जसंच्या तसं आहे. आमच्या घरी लहान मुलं त्याला 'जोसेफ हिरवे' म्हणतात आणि मला ते फार आवडतं.

अठराव्या वर्षी तो मिलानच्या संगीत विद्यालयात प्रवेश मागायला गेला, तेव्हा त्याला नाकारलं. वय जास्त होतं, तो दुसऱ्या राज्यातला होता आणि पियानोवरची हातांची ठेवण परीक्षकांना पसंत पडली नाही. आज ते विद्यालय त्याच्याच नावाने ओळखलं जातं. त्यावर या चार ओळी:

ज्युसेप्पे व्हेर्दी —
आत घेईनात दर्दी;
आज त्याच दारावर
त्याचंच नाव वर.

त्याला 'अहो-जाहो' का नाही करत?

आपण तुकोबांना एकेरीत हाक मारतो, विठ्ठलालाही. जवळच्याला मराठीत असंच बोलतात.

मी ऑपेरा कधीच ऐकलेला नाही. तरी वात्रटिका कळतील का?

कळतील. संगीत नाटक पाहिलेल्या माणसाला ऑपेरा परका नसतो. फरक मुख्य एवढाच की आपल्या संगीत नाटकात संवाद बोलले जातात आणि मध्ये पदं येतात. व्हेर्दीकडे संवादही सुरांत असतात, बोलण्यातून गाणं कधी सुरू झालं ते कळत नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आलं, तेव्हा व्हेर्दी हयात होता आणि त्याचे दोन सर्वांत मोठे ऑपेरे, 'ओतेल्लो' आणि 'फाल्स्टाफ', अजून यायचे होते. दोन्हीकडचे प्रेक्षक आवडलेली जागा पुन्हा म्हणायला लावत. आपण ओरडायचो 'वन्स मोअर', ते ओरडायचे 'बिस'.

पहिली वात्रटिका कोणत्या ऑपेरावर लिहावी?

'इल त्रोवातोरे'वर. १८५३ च्या जानेवारीत तो रोममध्ये पहिल्यांदा झाला. त्याचं कथानक कुणालाही एका दमात सांगता येत नाही, त्यामुळे लिहिणाऱ्याला खूप वाव मिळतो.

गोष्ट अशी. एका सरदाराने एका भटक्या जमातीतल्या म्हातारीला चेटकीण ठरवून जाळलं. तिच्या मुलीने, आझुचेनाने, सूड म्हणून सरदाराचं तान्हं बाळ पळवलं आणि त्याच चितेत टाकायला निघाली. पण तिचं स्वतःचं बाळही तिच्यापाशी होतं, डोकं ताळ्यावर नव्हतं, आणि तिने चुकून आपलंच बाळ आगीत टाकलं. मग सरदाराचा मुलगा तिने आपला म्हणून वाढवला. तो मोठा होऊन सख्ख्या भावाशीच लढतो, कारण दोघांनाही नातं ठाऊक नाही आणि दोघांचं प्रेम एकाच बाईवर आहे.

लिहिणाऱ्याने लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे यातला आगीचा प्रसंग रंगमंचावर घडतच नाही. पडदा उघडतो तेव्हा त्याला वर्षं लोटलेली असतात. पहिल्या अंकात एक शिपाई तो सांगतो, दुसऱ्या अंकात आझुचेना सांगते. ज्याचं लक्ष तेवढा वेळ चुकलं, त्याला पुढचं काहीच कळत नाही. म्हणून या ऑपेराला वात्रटिकेची खरी गरज आहे. माझी अशी:

आई जळली, सूड पेटला, उचलुन आणी बाळाला,
ज्वाळांपुढती उभी राहिली, नीट न दिसले डोळ्यांला;
फेकुन झाले, वळून बघते, शत्रूचे तर हे पोर!
स्वतःचेच ते आत टाकले, चार अंकभर मग घोर.

हे वाचून झालं की सगळे हसतात. मग मी दुसऱ्या अंकातलं आझुचेनाचं कथन लावते. ती बाई ते पुन्हा पुन्हा जगते आहे, हे तिच्या सुरांत कळतं, आणि खोलीतलं हसू आपोआप विरतं.

वृत्त कोणतं घ्यावं? मुक्तछंदात चालेल का?

मुक्तछंदात विनोदाचा नेम चुकतो. ऐकणाऱ्याचा कान जिथे ठोका येणार म्हणून टेकलेला असतो, तिथेच विनोद पडायला हवा. केशवकुमार या नावाने अत्र्यांनी लिहिलेली विडंबनं किंवा पाडगावकरांच्या वात्रटिका मोठ्याने वाचून पाहा. हशा कुठल्या अक्षरावर येतो ते आधीच ठरलेलं असतं.

मी तीन प्रकार वापरते. पहिला वरच्या कवितेसारखा मात्रांचा: आठ-आठ मात्रांचे तीन गट आणि शेवटी सहा मात्रा. ओळीच्या टोकाला लघू अक्षर आलं तर ते ओढून म्हणायचं. गोष्ट सांगायला हा उत्तम, कारण ओळ लांब असते आणि तिच्यात वळण घेता येतं.

दुसरा अभंग, सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा. त्यातला शेवटचा चार अक्षरांचा तुकडा हा मराठीने विनोदी कवीला दिलेला खजिना आहे. तीन चरण गंभीरपणे चढत जायचं आणि चौथ्यात अलगद खाली यायचं. 'ला त्राव्हियाता'तली व्हायोलेत्ता क्षयाने मरते आहे, डॉक्टर बाजूला होऊन तिच्या दासीला सांगतो की आता थोड्याच घटका उरल्या, आणि पुढचा बराच वेळ ती गातच राहते:

क्षय झाला तिला / श्वास उरेनाच
तरी सूर साच / चढे उंच

वैद्य म्हणे हिच्या / घटका उरल्या
ताना न सरल्या / तरी बाई

तिसरा भुजंगप्रयात. 'मनाचे श्लोक' ज्याला पाठ आहेत त्याच्या रक्तात तो असतोच, त्यामुळे ऐकणारा पहिल्या ओळीपासून तुमच्याबरोबर डोलायला लागतो. याची अडचण एकच, इटालियन नावं. भुजंगप्रयातात लघू-गुरू-गुरू अशी साखळी चालते, म्हणजे सलग तीन गुरू कधीच येत नाहीत. आता नावं बघा. 'आईदा' तिन्ही गुरू. 'अल्फ्रेदो' तिन्ही गुरू. 'व्हायोलेत्ता' आणि 'त्रोवातोरे' चारही गुरू. 'रिगोलेत्तो'त लघूने सुरुवात होते म्हणून आशा वाटते, पण पुढे तीन गुरू उभेच. 'जिल्दा' बसते, 'व्हेर्दी' बसतो, आणि आश्चर्य म्हणजे 'फाल्स्टाफ'ही बसतो. बाकीच्यांना नाव न घेता बोलवायचं. 'आईदा'च्या शेवटावरच्या माझ्या श्लोकात म्हणूनच तिचं नाव नाही. तिच्या प्रियकराला देशद्रोहाबद्दल जिवंत गाडायची शिक्षा होते, भुयारावर शिळा लोटली जाते, आणि आत बघतो तर ती आधीच येऊन लपलेली:

शिळा लोटली अन् गुहा बंद झाली
सखी आत आधीच चोरून आली
हवा आत थोडी, घडी फार थोडी
तरी गात बैसे सुखानेच जोडी

या प्रसंगाला व्हेर्दीने रंगमंचाचे दोन मजले केले. वर उजळलेलं मंदिर, खाली अंधारं भुयार. वर पुजारिणींचं गाणं चालू असतं आणि खाली हे दोघे पृथ्वीचा निरोप घेत असतात. श्लोक म्हणून झाल्यावर ते ऐकावं. दोघांचा आवाज इतका हलका होत जातो की हवा संपते आहे हे कानाला कळतं.

'आईदा' सुएझ कालव्याच्या उद्घाटनासाठी लिहिली होती ना? त्यावर वात्रटिका करू का?

नका करू, ते खरं नाही. कालवा १८६९ साली खुला झाला. त्या समारंभासाठी इजिप्तचे खेदिव, म्हणजे तिथले राज्यकर्ते, इस्माईल पाशा यांना व्हेर्दीकडून एक स्तोत्र हवं होतं, त्याने नकार दिला. कैरोचं नवं ऑपेरा हाऊस त्याच वर्षी उघडलं, पण तिथे झाला तो 'रिगोलेत्तो'. 'आईदा' कैरोत आली २४ डिसेंबर १८७१ रोजी, आणि तिलाही उशीर झाला होता. नेपथ्य आणि कपडे पॅरिसमध्ये तयार होत होते आणि प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला होता. देवळं, राजमुकुट, पुजाऱ्यांचे झगे, सगळं शहरात अडकलं. वात्रटिका करायची असेल तर या अडकलेल्या सामानावर करा. तो विषय खराही आहे आणि गोडही.

'ला दोन्ना ए मोबिले'च्या चालीवर मराठी शब्द बसवावेत का?

बसवता येतात. त्या गाण्याच्या ओळी पाच-पाच अक्षरांच्या तुकड्यांनी चालतात आणि ठेका सोपा आहे. पण 'रिगोलेत्तो'त ते गाणं कोण म्हणतं ते आधी पाहा. 'बाईचं मन वाऱ्यावरच्या पिसासारखं' असं म्हणणारा तो ड्यूक हा त्या ऑपेरातला सर्वांत चंचल माणूस आहे. विनोद तिथेच करून ठेवलेला आहे, आणि तो बायकांवर नाही. त्या चालीवर बायकांची टर उडवणाऱ्या कविता मी ऐकल्या आहेत. त्या लिहिणाऱ्यांनी ऑपेरा शेवटपर्यंत ऐकलेला नसतो. शेवटी ते गाणं पुन्हा येतं तेव्हा काय होतं, ते पुढच्या उत्तरात आहे.

मृत्यू, आजारपण, मुलांचं मरण — अशा प्रसंगांवर हसणं बरं दिसतं का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि तो यायलाच हवा.

व्हेर्दीची दोन मुलं, व्हर्जीनिया आणि इचीलियो, तान्ह्या वयात गेली. १८४० च्या जूनमध्ये मार्गेरीता गेली. दोन वर्षांच्या आत घर रिकामं झालं. त्याच वेळी त्याच्या हातात एका विनोदी ऑपेराचं काम होतं, करार झालेला होता, आणि त्याने तो पूर्ण केला. सप्टेंबरमध्ये ला स्कालात तो लागला, लोकांनी हुर्यो केली आणि एका प्रयोगानंतर तो काढून टाकला. त्यानंतर बाप आणि मुलगी हा विषय त्याच्या ऑपेरांत पुन्हा पुन्हा येतो. 'रिगोलेत्तो'तला बाप ऐकताना मला दर वेळी ते रिकामं घर आठवतं.

'रिगोलेत्तो' १८५१ साली व्हेनिसला झाला. मूळ नाटक व्हिक्टर ह्यूगोचं, त्यात फ्रान्सचा राजा होता. ऑस्ट्रियन सेन्सॉरने राजा चालू दिला नाही म्हणून मांतुआचा ड्यूक झाला. ड्यूकचा कुबडा विदूषक रिगोलेत्तो, त्याची लपवून वाढवलेली मुलगी जिल्दा. ड्यूक तिला फसवतो. बाप एका मारेकऱ्याला सुपारी देतो: वीस स्कुदी, दहा आगाऊ आणि दहा काम झाल्यावर. मराठी माणसाला हा व्यवहार समजावून सांगावा लागत नाही. मारेकऱ्याच्या बहिणीला ड्यूकची दया येते आणि ठरतं असं, की मध्यरात्रीआधी दार ठोठावणारा जो कोणी येईल त्याला मारून पोत्यात भरायचं. दार जिल्दाच ठोठावते, जाणूनबुजून. यावर लिहायला मला फार दिवस लागले:

दिली सुपारी, मोजुन पैसे, पोते आले हातात,
ड्यूक संपला म्हणून कुबडा हसतो आहे जोरात;
तेवढ्यात त्या काठावरुनी गाणे येते ड्यूकाचे —
गाठ सोडता कळते तेव्हा मोल आपुल्या पोरीचे.

पहिल्या दोन ओळींत हसू आहे, तिसरीत ते अडतं, चौथीत नाही. आधी माझी चौथी ओळ विनोदी होती, पोत्यावरून केलेली. घरच्यांना आवडली होती. मी ती काढली, कारण व्हेर्दी त्या ठिकाणी हसत नाही आणि मला त्याच्या पुढे पळायचं नव्हतं. दुरून ड्यूकचं तेच बेफिकीर गाणं येतं आणि बापाच्या हातातलं पोतं एकदम जड होतं. त्या क्षणावर कवितेने गप्प बसावं.

'त्राव्हियाता'च्या अभंगाबद्दलही सांगायला हवं. तो मी पहिल्यांदा वाचला त्या दिवशी सगळे हसले, पण एक काकू हसल्या नाहीत. नंतर भांडी आवरायला मदत करताना त्या म्हणाल्या की त्यांची थोरली बहीण क्षयाने गेली होती. मला काय बोलावं सुचेना. मग त्याच म्हणाल्या, "शेवटी खरंच बरं वाटतं गं थोडा वेळ. उठून बसली होती ती. आम्हाला वाटलं, वाचली." व्हायोलेत्ताचंही तेच होतं. मरण्यापूर्वी वेदना थांबतात, ती उठते, जगायला मिळालं म्हणते, आणि पडते. व्हेर्दीने ते किती बारकाईने पाहिलं होतं हे मला त्या दिवशी कळलं. अभंग मी फाडला नाही, पण आता तो वाचण्याआधी समोर कोण बसलंय ते बघते, आणि वाचलाच तर शेवटचा प्रवेश लगेच लावते, मध्ये चहा नाही.

मग कशावर अजिबात लिहिलेलं नाही?

'ओतेल्लो'च्या शेवटच्या अंकावर. रुमालावरून वाढत जाणारा संशय मराठी प्रेक्षकाला देवलांच्या 'झुंझारराव'मुळे पिढ्यान्पिढ्या माहीत आहे, आणि रुमालावर गंमत सुचतेही. पण देस्देमोना झोपण्याआधी प्रार्थना म्हणते, तिथे माझी लेखणी थांबते.

जाड्या गायिकांवर विनोद का नाहीत? ऑपेराचा तो हमखास विनोद आहे.

हमखास आहे म्हणूनच नको, आणि त्यामागे एक जुना अन्यायही आहे. 'ला त्राव्हियाता' ६ मार्च १८५३ रोजी व्हेनिसला पहिल्यांदा झाला आणि पडला. व्हायोलेत्ताचं काम करणाऱ्या फान्नी साल्व्हीनी-दोनातेल्ली अंगाने भरलेल्या होत्या. क्षयाने खंगलेली बाई अशी कशी, म्हणून प्रेक्षक हसले. पण पहिल्या अंकात त्याच प्रेक्षकांनी त्यांच्या गाण्याला टाळ्या दिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी व्हेर्दीने आपल्या शिष्याला, मूत्सियोला, पत्रात कळवलं की प्रयोग पडला, चूक माझी की गाणाऱ्यांची ते काळ ठरवील. पुढच्या वर्षी त्याच गावात दुसऱ्या थिएटरात हाच ऑपेरा गाजला. त्या पहिल्या रात्रीच्या हसण्यात मला सामील व्हायचं नाही.

व्हेर्दीला स्वतःला विनोद सोसायचा का?

त्याची एक हकीगत मी दर वर्षी सांगते आणि ती कधी शिळी होत नाही.

मे १८७२. रेज्जो गावच्या प्रोस्पेरो बेर्तानी नावाच्या गृहस्थांनी व्हेर्दीला पत्र लिहिलं. 'आईदा'चं कौतुक ऐकून ते आगगाडीने पार्माला गेले, ऑपेरा पाहिला, आवडला नाही. आपलंच काही चुकलं असेल म्हणून पुन्हा गेले. पुन्हा आवडला नाही. आता त्या वाया गेलेल्या पैशांनी झोप उडाली आहे, तरी कृपया भरपाई व्हावी. सोबत हिशोब: गाडीभाडं जाताना २.६० लिरे, येताना ३.३०, थिएटर ८ आणि स्टेशनवरचं अतिशय वाईट जेवण २. एकूण १५.९०, दोन वेळचे ३१.८०.

व्हेर्दीने आपल्या प्रकाशकाला, रिकोर्दीला, कळवलं की या गृहस्थांना २७.८० लिरे देऊन टाका. जेवणाचे ४ लिरे वजा, कारण ते घरी जेवून निघू शकले असते. आणि पैसे देताना लेखी घ्या की माझा नवा ऑपेरा ऐकायला पुन्हा येणार नाही, म्हणजे त्यांनाही त्रास नको आणि मलाही खर्च नको. पैसे खरोखर पोचले.

रेज्जोचे एक गृहस्थ
'आईदा' पाहून त्रस्त,
दोनदा गेले, दोनदा आले,
तिकिटासकट बिल पाठवले;
व्हेर्दीने, जेवण वगळून, फेडले समस्त.

ही हकीगत मला का आवडते ते सांगते. 'आईदा' तेव्हा सगळ्या इटलीत गाजत होती. एका माणसाच्या कुरकुरीकडे त्याने काणाडोळा केला असता तरी कुणी विचारलं नसतं. त्याने हिशोब तपासला, प्रत्येक आकडा वाचला आणि जेवणावर बोट ठेवलं. सांत आगातातल्या आपल्या शेतीवर जातीने लक्ष देणारा तो माणूस होता. बिलातली जास्तीची ओळ त्याच्या नजरेतून सुटणार कशी?

दोन ओळींची सोय असलेला ऑपेरा कोणता?

'ला फोर्त्सा देल देस्तीनो', म्हणजे दैवाची ताकद. १८६२, सेंट पीटर्सबर्ग. नायक पळून जायच्या रात्री मुलीच्या बापाच्या हाती सापडतो, शरण आलो म्हणून पिस्तूल खाली टाकतो, आणि ते आपटून उडतं. बाप मुलीला शाप देत जातो. पुढचे सगळे अंक त्या एका गोळीमुळे.

पिस्तुल टाकुन म्हणे बिचारा, 'शरण तुम्हाला मी आलो';
गोळी सुटली, म्हणे सासरा जाता जाता, 'मी मेलो!'

मराठी वळणाचे शब्द किती आणावेत?

सुपारी, घोर, घटका, सखी असे शब्द खुशाल आणा, ते गोष्ट जवळ आणतात. पण मांतुआचं मिरज करू नका. गोष्ट तिथलीच राहू द्या, सांगणारा आपला असला म्हणजे झालं.

हे संगीत मुंबईत प्रत्यक्ष ऐकायला मिळतं का?

गिरगावातलं रॉयल ऑपेरा हाऊस २०१६ साली पुन्हा उघडलं, तेव्हा मुंबईतच वाढलेल्या सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीत गाणाऱ्या, पॅट्रिशिया रोझारिओ तिथे गायल्या. जॉर्ज पंचम यांच्या हस्ते १९११ साली उद्घाटन झालेली ही वास्तू पुढे अनेक वर्षं सिनेमाचं थिएटर होती आणि १९९३ पासून बंद होती. कित्येक मराठी माणसांना 'ऑपेरा हाऊस' हे फक्त बसथांब्याचं नाव म्हणून माहीत. पूर्ण ऑपेरा क्वचितच होतो, पण गाण्यांच्या मैफली होतात. एकदा तरी जा. तबकडीवरचा आवाज आणि समोर उभ्या माणसाच्या छातीतून, माईकशिवाय, शेवटच्या रांगेपर्यंत येणारा आवाज यांत फार फरक आहे.

शेवट कोणत्या ऑपेराने करता?

दर वर्षी 'फाल्स्टाफ'ने. सत्ताविसाव्या वर्षी, घरात तीन मृत्यू झाल्यावर लिहिलेला त्याचा विनोदी ऑपेरा लोकांनी पाडला होता. त्यानंतर अर्धशतक त्याने विनोदी ऑपेराला हात लावला नाही. मग आर्रीगो बोईतो या कवीने शेक्सपिअरच्या नाटकावरून संहिता लिहून दिली आणि ९ फेब्रुवारी १८९३ रोजी 'फाल्स्टाफ' ला स्कालातच आला. तेच थिएटर. व्हेर्दी एकोणऐंशी वर्षांचा होता.

गोष्टीतला म्हातारा, कर्जबाजारी, पोटाळू सरदार दोन बायकांना एकच प्रेमपत्र पाठवतो. त्या दोघी पत्रं शेजारी शेजारी धरून वाचतात आणि त्याला धुण्याच्या टोपलीत कोंबून नदीत फेकायची व्यवस्था करतात.

मळक्या कपड्यांखाली दडला, पोट घेउनी फाल्स्टाफ;
बदकन् पडला थेम्सनदीमधि, कपड्यांसंगे तो साफ.

नदीतून निघाल्यावर तो ओलाचिंब बसून गरम वाईन मागवतो. एक घोट पोटात जातो आणि वाद्यवृंदात कुठेतरी एक बारीक थरथर सुरू होते. ती एकेका वाद्याला लागत लागत सगळीकडे पसरते, जणू वाईनच वाद्यांत चढली आहे. यावर मी वात्रटिका लिहिली नाही. तिथे व्हेर्दीनेच ती लिहून ठेवली आहे. शेवटी सगळी पात्रं पुढे येऊन 'जगात सगळी थट्टाच' असं म्हणतात, आणि ते त्याने बांधलं आहे फ्यूगमध्ये, संगीतातल्या सर्वांत शिस्तीच्या रचनेत. एकाने ओळ उचलायची, दुसऱ्याने त्याच्या मागोमाग, मग तिसऱ्याने.

या वात्रटिका आमच्या कार्यक्रमात वाचल्या तर चालतील का?

आनंदाने वाचा. ओळ बदलावीशी वाटली तर बदला, फक्त मात्रा मोजून. आणि वाचून झाल्यावर तो अंक लावायला विसरू नका.